तिसऱ्या बॉयलरचं ठिगळ

ता. ३

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

भट्ट्यांची सहा दारं, वाफेच्या नळांचे अकरा जोड, पंपाचा दांडा आणि तिसऱ्या बॉयलरचं दीड हात लांबीचं ठिगळ. या बोटीत एवढं मी माझ्या हातानं केलं, कुणी न शिकवता. तीस वर्षं उतारू वाहिलेल्या म्हातारीला आता नौदलानं करडा रंग फासलाय. उतारूंची बाकं उपटून तिथं तोफ बसवलीय. तपासणीच्या साहेबांना मी छाती ठोकून सांगितलं, ठिगळ अजून दहा वर्षं हलणार नाही. बोट पास झाली, मेहुण्यांची भट्टीवरची नोकरीही टिकली. आता तरी भावाला नावं ठेवू नकोस.

लोभ आहेच, तो ठिगळासारखा घट्ट राहो.

तुझा दादा

ता. ९

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

काल हे तासाभरासाठी घरी आले. परवा तोफ डागून पाहिली, तेव्हा तुझ्या ठिगळाच्या कडेनं उकळतं पाणी उडालं. ह्यांच्या हाताची साल निघालीय. मी रडले, तर म्हणाले, दादांचं काम आहे, घाबरू नकोस. तुझ्या भरवशावर ते त्याच बॉयलरपुढे उभे राहतात, हेच मला खातंय.

लहानपणी तू बांधलेल्या झोक्यावरून मी पडले, तेव्हा तू फांदीला दोष दिलास. या वेळी तसं करू नकोस रे. जा आणि चुकलो म्हणून सांग. पदर पसरते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी

ता. १४

चि. सौ. धाकटीस आशीर्वाद.

फांदी चांगली होती. गाठ माझी चुकली होती.

काल ठिगळाचा एकेक रिव्हेट हातोडीनं वाजवून पाहिला. चाळीसपैकी नऊ बद्द वाजले, म्हणजे सैल झालेत. तोफेचा हादरा मी धरलाच नव्हता. साहेबांना म्हटलं, चुकलो, हा बॉयलर बंद करा. ते म्हणाले, दहा वर्षं तुम्हीच सांगितली होतीत. उद्या बोट सुटतेय. निदान मेहुण्यांना उतरवा म्हटलं, तर बदली माणूस आणा म्हणाले.

माणूस दिला. मेहुणे संध्याकाळी घरी येतील. माझ्यावर फार चिडलेत, जेवू घाल आणि परत गोदीकडे फिरकू देऊ नकोस. तिसऱ्या बॉयलरपुढे आता मी आहे.

आठवण ठेव, एवढंच.

तुझा दादा

ता. क. बाहेरून कळण्याआधी मीच सांगतो. साहेबांनी पुढे केलं आणि मी नको म्हटलं ते असं: ‘बॉयलर ठीक आहे’ या कागदावर माझी सही, आणि त्याबदल्यात गोदीत जमिनीवरची कायमची मुकादमी व रोख अठराशे.