आत्याबाईंच्या उंचीचा संडास

आत्याबाई, घाटातून विजेची इंजिनं धावू लागली त्या साली आपल्या लोणावळ्याच्या घरात सासू-सुनेचं, म्हणजे तुमचं नि माझं, संडासावरून भांडण झालं होतं. मधे जर्मनची दुसरी लढाई होऊन गेली, तुम्हाला जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. त्यातलं थोडं तुम्हाला सांगायचं राहून गेलंय.

गोठ्यात पाय घसरला नि तुमचा उजवा खुबा दुखावला. बेडशाच्या वैदूनं तीन महिने पाला बांधला. काठी धरून तुम्ही चालायला लागलात, पण उकिडवं बसणं गेलं ते गेलंच. परसातला आपला संडास म्हणजे दोन फरशा आणि खाली पत्र्याचा डबा. मी तुम्हाला काखेत धरून बसवायची आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. तुम्ही डोळे घट्ट मिटलेले. एकदा उठताना तुमची नखं माझ्या खांद्यात रुतली, रक्त आलं.

तुम्ही उपाशी राहता हे घरात कुणालाच कळलं नव्हतं. कळलं ते संडासातला डबा न्यायला येणाऱ्या बाईला. एका सकाळी ती मागच्या दारी थांबली आणि लांबूनच म्हणाली, "वैनी, म्हातारी जेवत न्हाई का? चार दिस झालं, डबा लय हलका लागतोय." जेवणं झाली की तुम्ही काठी टेकत गोठ्याकडे जायचात, ते आठवून मी तिथली गव्हाण उपसली. कडब्याखाली तुमच्या ताटातल्या भाकरी. जाब विचारला तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "खाल्लं की जावं लागतं. तुज्या हातात लटकायचं. त्यापरीस न्हाई खाल्लेलं बरं."

ह्यांनी बंगल्यांतून असते तशी भोकाची खुर्ची सुताराकडून करून घ्यायचं काढलं, खाली बादली ठेवायची. मी नको म्हटलं. ती बादली तुमच्या अंथरुणाशेजारी राहणार, कुणीतरी ती उचलणार, आणि मग तुम्ही पाणी प्यायचंही सोडणार. मला फरशा काढून तिथं चिनी मातीचं बसायचं भांडं हवं होतं, मागे खोल खड्डा, म्हणजे पाणी ओतलं की सगळं वाहून जाईल.

"खुर्चीवर बसून परसाकडं जायाला मी काय मडम हाय? लोक हसत्याल."

"हसू द्या. तुमी जेवा."

तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. त्या आठ दिवसांत मी खड्डा खणून घेतला. एका दुपारी तुमचा डोळा लागला तेव्हा सुतळीनं तुमच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं.

पुण्याच्या दुकानात पाच भांडी ओळीनं मांडलेली. दुकानदार फक्त ह्यांच्याशीच बोलत होता. मी सुतळी लावून बघितली, तर तीन भांडी चार-चार बोटं उंच. तुमचे पाय लोंबकळले असते. पण नुसत्या मापानं काय कळणार? डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ बसले. दुकानात गिऱ्हाइकं होती. हे बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

"अहो बाई, हे काय करताय?"

"बसतीया. माज्या सासूला बसायचंय."

प्रत्येक भांड्यावर बसायचं आणि उजव्या पायावर भार न देता उठून बघायचं, असं मी पाचही भांड्यांवर केलं. कोपऱ्यातलं बुटकं, रुंद काठाचं भांडं होतं, त्यावरूनच उठता आलं. दुकानदार म्हणाला, "ते नका घेऊ, त्याला डाग आहे."

म्हटलं, "डाग बसणाराला टोचत न्हाई."

गवंड्यानं भांडं बसवलं, भिंतीत तुमच्या हाताला येईल अशी लोखंडी कांब रोवली. पहिल्या दिवशी मी बादली भरून दाराशी थांबले, तर तुम्ही आतूनच ओरडलात, "तू जा तिकडं. हितं उभी ऱ्हाऊ नगं." आणि आतून कडी लागली. किती महिन्यांनी तुम्ही तुमची तुम्ही कडी लावत होतात. त्या दुपारी तुम्ही दीड भाकरी खाल्लीत आणि आमटी पुन्हा मागितलीत. मला शाबासकी दिली नाहीत. शेजारणीला मात्र सांगितलंत, "सून येडी हाय माजी. पुन्याच्या दुकानात जाऊन बसली म्हनं!" आणि ठसका लागेपर्यंत हसलात.

तुमच्या पश्चात लोक म्हणतात, हिनं सासूची मायेनं सेवा केली. मी मान हलवते. पण ती बाई मागच्या दारी बोलली तेव्हा माझ्या मनात आधी तुम्ही आला नव्हतात. आधी आलं ते हे, की लोक म्हणतील, सुनेनं सासूला उपाशी मारलं. त्या भीतीनं मी पुण्याला धावले. माया तोवर नव्हती. तुम्ही मला दारातून हाकललंत त्या दिवशी ती कुठूनशी आली. हा कागद कुणाला दाखवायचा नाही, म्हणूनच एवढं लिहू शकले.