बापाचं नाक

लालबाग, एप्रिल १९६०

प्रिय कमल,

तुला दिवस गेल्याची बातमी कळली आणि मी चाळभर गूळ वाटला. उलट्या होत असतील तर कोकमाचं सार घोट घोट घे. आणि ठाकूरद्वारच्या त्या जिन्यावरून पाणी वाहू नकोस, कठडा धड नाही त्याला.

आई कशी आहे म्हणून विचारलंस. राधा बरी आहे. दिवाळीत तुझ्या नाकाची पट्टी सुटल्यावर तुला बघून आली आणि तशीच उपाशी निजली. जावईबापू कौतुकानं सांगत होते, नाकपुड्यांच्या मधली दांडी लोंबत होती, डॉक्टरनं चिमूटभर कापून वर सारली, आता कसं मडमेसारखं नाक झालं! राधा "छान झालं" म्हणाली. जिना उतरताना मात्र माझा हात धरून म्हणाली, "वन्सं, त्यांना आज दुसऱ्यांदा मारलं." तुझ्यावर राग नाही गं तिचा. सासरी उठता-बसता पोपटीण म्हणत होते, तू तरी किती ऐकशील? पण सुरी लागायची तिथं लागली.

तुझा बाप, कुशाबा, माझा पाठचा भाऊ. गिरणीत त्याला पोहरा म्हणायचे. नाकाची ती दांडी विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखी ओठावर उतरलेली! फोटो काढला की आयुष्य घटतं म्हणायचा, जन्मात कधी फोटोवाल्यासमोर उभा राहिला नाही. आणि छप्पन साली मुंबईसाठी मोर्चात गेला, तो गोळी लागून आडवाच घरी आला. चेहरा म्हणून मागे काही राहिलं असेल तर ते तुझ्या तोंडावर. दिवेलागणीला आई तुला दिव्यापाशी तिरकी बसवून वेणी घालायची, आठवतं? वेणीचं निमित्त गं. ती भिंतीवरची सावली बघायची.

आता चाळीच्या मंडळानं अंगणात त्याचा पुतळा बसवायचं ठरवलं, खांद्यापर्यंतचा. परळचा रघू, गणपती करतो तो, म्हणाला, "फोटो नाही तर नाही, पोरीला आणून बसवा. नाक बापाचंच आहे ना तिचं?" राधा हसली. असं हसू वैऱ्याच्याही तोंडी येऊ नये. "ते डॉक्टरच्या बादलीत गेलं, रघुभाऊ." तेव्हा मला आठवलं, तूच सांगितलं होतंस, कापण्याआधी नाकपुड्यांत नळ्या घालून डॉक्टरनं तोंडावर प्लास्टर थापलं होतं, जुन्या नाकाचा नमुना ठेवायला. मी गेले तिथं. कपाटात नाकंच नाकं, देवळाबाहेरच्या चपलांसारखी. नर्स म्हणाली, "न्या आजी, काम झालेली नाकं अडगळच आम्हाला." पदरात बांधून आणलं. तुला विचारलं नाही. तू ते टाकलंच होतंस.

रघूनं त्यावरून नाक उचललं, खाली मिशी चढवली, कपाळाला आठी घातली, आणि कुशाबा समोर बसला. राधानं नाकाच्या शेंड्यापासून ओठापर्यंत ती दांडी बोटानं चाचपली. "आलात?" म्हणाली, आणि पदर सावरून लाजली, रघूच्या देखत. माझ्यानं तिथं उभं राहवेना.

एक मेला आपलं राज्य होणार, त्याच दिवशी पुतळा उघडायचा आहे. मंडळाची पत्रिका तुला येईल, पुढच्या रांगेत खुर्चीही ठेवतील. तू येऊ नकोस. हे राधाचं सांगणं, लिहिते आहे मी. तू शेजारी उभी राहिलीस की लोक एकदा तुझ्याकडे बघतील, एकदा पुतळ्याकडे, आणि म्हणतील, रघूचं चुकलं, हा काही हिचा बाप नव्हे. तेवढं तिला सोसायचं नाही. बाळंतपणाला मात्र माहेरीच ये. डॉक्टरची सुरी पोटातल्या जिवापर्यंत पोचत नाही. राधानं भिंतीला आतापासून चुना दिलाय, दिव्याची काच रोज घासते. वाट बघते आहे, बाय. तुझी, असं मात्र मला लिहवत नाही.

तुझीच,
जाई आत्या