आखाजीला आडवी बाटली

२६ मार्च
दारूबंदी खात्याचे साहेब दुकान बंद करायच्या आमच्या अर्जावरच्या सह्या तपासायला आले. शाळेत एकेकीला उभं करून विचारलं, "ही सही तुमचीच का?" जनाबाई भडकली. "मंग काय मन्हा बापनी शे?" माझी सही दोनदा घेतली. अर्जावरची रागात केलेली, आजची शांतपणे; जुळेचना. तिसऱ्यांदा राग आला तेव्हा जुळली.

मतदान होणार! फक्त बायकांचं. चिठ्ठीवर दोन बाटल्या. उभी म्हणजे गावातलं दारूचं दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा.

संध्याकाळी यांना दोघांनी धरून आणलं. गटारीत सापडले. गाणं चालूच होतं. लोक हसतात, मला नाही हसू येत.

२९ मार्च
नियम कळला आणि डोकं फिरलं. मत टाकणाऱ्यांच्या निम्म्या नाही, यादीतल्या सगळ्या बायकांच्या निम्म्याहून जास्त. यादीत ८१२. आडव्या हव्यात ४०७. जी आली नाही, ती उभीच्या बाजूने गेल्यासारखी.

आमच्या पिठाच्या गिरणीत दळण थांबवून यादी वाचली. मथुरा आजी जाऊन तीन वर्षं झाली, नाव आहेच. जन्मात दारूच्या वासाला उभी राहिली नाही, आता मेल्यावर शेठच्या दुकानाला टेकू देतेय. आणि लग्न होऊन गेलेल्या पोरी तर ढीगभर. यादी करणाऱ्यांना पोरी सासरी जातात हे कुणी सांगितलंच नाही की काय!

३ एप्रिल
नंदुरबारला साहेबांकडे. मी, जनाबाई, आणखी चौघी. साहेब ९ तारीख म्हणाले. मी म्हटलं, आखाजी होऊ द्या.
"आखाजी म्हणजे?"
साहेब कोल्हापूरकडचे. अक्षय तृतीया म्हटल्यावर कळलं, पण त्याचा मतदानाशी संबंध काय ते कळेना. जनाबाईने समजावलं, "साहेब, आते निम्मं गाव ऊस तोडाले गुजरातले शे. आखाजीले ते घर येतस, पोरी बी माहेरले येतस. झोका खेयाले."
साहेबांनी कॅलेंडर पाहिलं, आम्हाला पाहिलं. २१ तारीख दिली. चहाही पाजला. भला माणूस.

शेठनेही म्हणे पेढे वाटले. आखाजीला पत्ते, पत्त्यांबरोबर पिणं. त्याचा तर सीझनच.

८ एप्रिल
फोनवर फोन. कोरीटला दिलेली संगीता येते म्हणाली. तिचा नवरा मागून ओरडला, "सासरवाडीनं दुकान बंद कराले चालनी, मंग पाहुणानी कोठे जावानं?" मेल्या, पुरणपोळी खायला ये.

अक्कलकुव्याच्या रेश्माची सासू म्हणाली, आखाजी झाली की दुसऱ्याच दिवशी पाठवा. मी म्हटलं, २१ च्या दुपारपर्यंत मुहूर्तच नाही. खोटं बोलले. देवी, माफ कर.

१२ एप्रिल
घरातच वाजलं. सासूबाईंना चिठ्ठी समजावत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मन्हा पोऱ्या आते गावन्या गटारमा पडस. चार जन वयखीना शेतस, उचली आनतस. दुकान बंद व्हयनं म्हंजे फटफटी लिसन हायवेले जाई. तठे कोन उचली त्याले?"

मी काहीबाही बोलले. दारू सुटेल, सवय मोडेल वगैरे. त्यांनी पदराने तोंड पुसलं, "तुले पंधरा वरीसमा मोडता वनी का?"

दिवसभर पीठ जाडंच पडलं. तिघी परत घेऊन आल्या.

१७ एप्रिल
शेठची चाल! २१ ला पहाटे बस, देवीच्या गडावर, फुकट. चहा-नाश्ता, परतीला साडीचोळी. चाळीस नावं लागलीसुद्धा. पहिलं नाव आमच्या सासूबाईंचं.
"देवीनं बलावं."
"देवीनं का शेठनं?"
"बलावं तर खरं."
देवीला २१ च सापडली!

१९ एप्रिल
आखाजी. पोरी आल्या, अंगण भरलं. रस, पुरणपोळी, खापराची चव. मारुतीपुढे पुरुषांचे पत्ते, दुकानापुढे ही रांग. झोक्यावर पोरींनी बाटलीचं गाणं रचलं. त्यात शेठचं नाव, आणि यांचंही, गटारीसकट. सगळ्या हसल्या, मीही हसले. मग गिरणीत जाऊन रडले. पट्टा चालू ठेवला, म्हणजे रडण्याचा आवाज बाहेर नको.

२१ एप्रिल, सकाळ
बस सहाला सुटायची, शेठचा माणूस पेपरात तोंड घालून बसला, बायका काही जमेनात. हिचं औषध राहिलं, तिची चप्पल. आठ वाजवले. निघाली, ती शाळेपुढे थांबली. एकीला लघवीला लागली. मग सगळ्यांनाच लागली. शाळेत शिरल्या त्या मतदानाच्या रांगेतच. शेठचा माणूस दारापर्यंत आला. पोलीस बाईने हाकलला. आत पुरुषाला काय काम!
चाळीसही जणी शाई लावून पुन्हा बसमध्ये. सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "देवीले नही कसं सांगू?"

शेठने हरकत घेतली: सासरच्या पोरी इथे राहत नाहीत. जनाबाई म्हणाली, मग आमच्या मेलेल्याही काढा. साहेब म्हणाले, यादी ती यादी.

माझी पाळी. शिक्का हातात, आणि हायवेच दिसायला लागला. ट्रकचे दिवे, त्यात यांची फटफटी. हात उचलेना. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "सुनंदाबाई, झोप लागनी का?" आडवीवर मारला. जोरात.

२१, संध्याकाळ
मतं पडली ४०९. हव्यात ४०७. उद्या सकाळी तहसीलला मोजणी. तीन उभ्या निघाल्या की संपलं.

बस आली. सासूबाईंनी प्रसाद दिला, साडीची घडी दाखवली. मी विचारलं, कुठे मारला शिक्का?
"गुप्त शे ना?" म्हणाल्या, आणि पाय धुवायला गेल्या.

मतदानामुळे आज दुकान बंद होतं. हे सातला जेवायला बसले. तिसरी भाकर मागून घेतली. किती दिवसांनी! मग ताटाकडे बघत म्हणाले, "बंद व्हई का व?"
बंद व्हावं असं वाटतं की नको, ते चेहऱ्यावरून कळेना. म्हणून सरळ विचारलं.
भाकरीचा तुकडा मोडला. म्हणाले, "माले बी नही समजत, सुनंदा."