दामूचा अंगठा

५ जाने., मुरबाड
अडकलेला हर्निया. दामू, म्हशाकडचा शेतकरी, ओकत आलेला. पोट भरलेलं, म्हणजे मी द्यायची ती भूल झटपट, श्वासाची नळीही झटपट. स्कोलिन दिलं. स्नायू ढिले, श्वास बंद, पण काही मिनिटांत उतरणारं. दामूचं उतरेना.

सर्जन खूश. "मॅडम, आज पोट काय मस्त ढिलं आहे." मला तेच खटकलं. स्कोलिन उतरल्याचं दिसेपर्यंत दुसरं, लांब चालणारं औषध मी देत नाही. हट्टी म्हणतात, म्हणोत. स्नायू जागे झाले का ते दाखवणारं माझं 'खेळणं' काढलं (सगळे हसतात त्याला), मनगटाला लावून करंट दिला. अंगठा ढिम्म.

ऑप. संपलं. श्वास नाही. सर्जनचा एकच धोशा, "रिव्हर्सल देऊन टाका ना." नाही दिलं. तो उतारा दुसऱ्या औषधांवरचा, रेंगाळलेलं स्कोलिन त्याने आणखी रेंगाळेल. झोपेचा गॅस चालूच ठेवला. अंग हलत नाही आणि आत माणूस जागा, ही वेळ मी कुणावर येऊ देणार नाही. श्वास द्यायची बॅग दाबत बसले. दारात बायको. "उठतील ना?" म्हटलं, त्यांना उठवल्याशिवाय मी घरी जात नाही. बोलून गेले.

संध्याकाळी अंगठा हलला. पुसटसा. मग जोरात, करंटच्या चारी झटक्यांना. मग छाती. मग डोळे, मान उचलली! नळी काढली. पहिला शब्द, "बैल?"

जिंकले. शहापूरपर्यंत गाडीत गात आले, तेही बेसूर.

६ जाने.
पण झालं का असं? काल विचारलं होतं, कसली औषधं चालू? दोघंही "नाय". आज बायको हळूच म्हणाली, "तुमी त्यांचं औषध इचारलं. गोचिडाचं तर बैलांचं." जत्रा आलीय, जोडी विकायची. अंग चकचकीत दिसावं म्हणून रोज उघड्या हातांनी चोळतोय, तेही दाट करून. मग बोलली का नाहीस? "शेजारच्या खाटेवर गिऱ्हाईक बसलं होतं. गोचीड ऐकून फिरलं असतं."

कपाळाला हात लावला. आधी चिडले, मग हसूच आवरेना. स्कोलिनचा फडशा पाडणारं रक्तातलं द्रव्यच हे औषध मारतं. नवऱ्याच्या जिवावर बेतलेलं आणि हिला सौद्याची काळजी. तरी बरं, काल आत काय चाललंय ते तिला पुरतं कळलं नाही.

११ जाने.
दामूचं रक्त तपासायला पाठवलं होतं, त्याचा रिपोर्ट आला. ते द्रव्य अगदी तळाला. माझं बरोबर! सर्जन आज स्वतःहून, "मॅडम, ते यंत्र आणलंय ना?" यंत्र. खेळणं नाही. मी मुद्दाम दोनदा विचारलं, काय म्हणालात?

एक शंका मात्र… गोचिडाचं औषध की जन्मापासूनच कमी? काही आठवड्यांनी रक्त पुन्हा बघायचं, औषधामुळे असेल तर तोवर भरून येईल. जन्मापासून असेल तर भावंडांतही असू शकतं. त्याची बहीण शेणव्याला, दिवस भरत आलेत.

१९ जाने.
दामू जत्रेहून थेट इकडे. जोडी गेली. माझ्यासाठी घोंगडी. नको म्हटलं तर रागावला. जत्रेत गोठेवाल्यांना सांगत फिरला म्हणे, हातमोजे घाला, आन् दवाखान्यात लपवू नका. "हसली माणसं. हसू दे. मी मेलतो, मला ठावं."

१ फेब्रु.
दामूनं रक्त कालच पुन्हा दिलं, रिपोर्ट यायचाय. आणि आज बहीण दाखल, मूल आडवं, सिझर. मी विचारायच्या आत खाटेवरूनच, "ताई, दादानं बजावलंय, पयलं ह्येच सांगायचं. त्याला दिलं त्ये ढिलं करायचं औषध मला नको." घरात बैल नाहीत, कसलं चोळणं नाही. म्हणजे हिच्यात असेल तर जन्माचंच.

कमरेत भुलीचं इंजेक्शन देते, स्कोलिन लागायचंच नाही. आणि पुरी भूल द्यावी लागलीच तर ढिलं करायचं दुसरं औषध भरून ठेवलंय. ट्रेवरचं स्कोलिन स्वतः उचलून कपाटात टाकलं.

दामू बाहेर बसलाय. मला आत जाताना बघून अंगठा वर केला.