आधी गल्ली, मग ऑडिटर

भवानी पेठ, सोलापूर
मंगळवार

प्रिय दिग्विजय,

तुझे फोन येतायत, मी उचलत नाहीये, आणि तिकडे पुण्यात तू माझ्या नावाने बोटं मोडत असशील हे मला इथे बसून दिसतंय. मोड. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, मध्येच 'अगं, ऐक तर' सुरू करतोस. पत्रात कुणाला मध्ये बोलता येत नाही, म्हणून हा उद्योग. शिवाय रविवारी मी जे पाहिलं ते घाईत सांगण्यासारखं नाही. परवापासून ऑफिसात व्हाउचरं लावताना, घरी भांडी घासताना तेच डोळ्यांपुढे येतंय आणि ऊर भरून येतोय.

रविवारी आपल्या 'रोज पाणी' पक्षाचं हिशेबवाचन झालं. तू नोकरीला गेल्यापासून खजिनदार मी, त्यामुळे माईक पहिल्यांदाच माझ्या हातात होता. पक्ष नोंदवला तेव्हाचं आठवतं ना? रेवणप्पा काका अध्यक्ष झाल्या झाल्या म्हणाले होते की, सरकार आपल्याला कर माफ करतं ते आपण हिशेब उघडा ठेवू या भरवशावर. वीस हजारांच्या वर देणाऱ्याचं नाव कळवा, असं कायदा म्हणतो. आपल्याकडे वीस हजार देणारा आहे कोण? म्हणजे कुणाचंच नाव सांगायला नको, सगळंच झाकलेलं! म्हणून काकांनी नियम केला, दहा रुपये दिले तरी नाव घ्यायचं, भोंग्यावरून घ्यायचं, आणि आधी गल्ली, मग ऑडिटर. तू हसला होतास. हे म्हणजे लग्नातला आहेर पुकारणं झालं, म्हणालास. पण पहिल्या वर्षी स्वतःचं नाव ऐकायला आमच्या बाया ठेवणीतली लुगडी नेसून आल्या, तेव्हा तूही एकेक नाव सावकाश, नीट वाचलंस.

मुहूर्तही काकांनी नळाचाच धरला. पाणी पाचव्या दिवशी. त्या दिवशी सगळी गल्ली घागरी आणि बॅरल मांडून दारात बसलेली सापडते. नळ फसफसला की वाचन थांबवायचं, पाणी भरून झालं की पुढे चालू. तुला त्यातलं काय कळणार म्हणा! तुमच्या गावी दारातच उजनी धरण, बटण दाबलं की केळीला पाणी. आमच्याकडे नळ आला की लग्नाची माणसंसुद्धा कशाबशा अक्षता टाकून घराकडे धावतात. इतक्या वर्षांत नळ आलाय आणि कुणी बसून राहिलंय, असं मी पाहिलेलं नाही.

यंदाची गोष्ट वेगळी होती. महापालिकेला आपल्या प्रभागातून मी उभी राहणार, आणि पक्षाच्या खात्यात तीन लाखांवर रक्कम जमलीय. अनामत, पत्रकं, रिक्षावरचा भोंगा, सगळं भागणार होतं. गल्लीने पोटाला चिमटा काढून माझ्यासाठी एवढं केलं, या विचाराने मी आठवडाभर हवेत होते. तू जाताना पावतीपुस्तकं नीट बांधून ठेवली होतीस, तुझ्या त्या सुरेख अक्षरातली. मी पुस्तकांच्या शेवटच्या बेरजा तेवढ्या बँकेशी ताडून पाहिल्या आणि निर्धास्त झाले. बेरजा बरोबरच होत्या रे.

घरांच्या क्रमाने वाचायला लागले. पहिल्या गोजरबाई, दोन हजार. शेजारणींनी माना वळवल्या. गोजरबाईंनी पदर सारखा केला आणि बसून राहिल्या. दुसरं घर, दोन हजार. तिसरं, दोन हजार. रोख घ्यायची मुभा दोन हजारांपर्यंतच असते आणि सगळ्यांचा आकडा नेमका तोच, हे ध्यानात यायला लागलं. पण मी वाचत राहिले.

मग आमचं दार आलं. नागूबाई त्रिंबक, दोन हजार. आई घागरीवर हात ठेवून बसली होती. तिच्याबरोबर गणवेशाच्या कारखान्यात शिवणाऱ्या बाया तिच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या बघण्यात थोडा हेवाही होता. आईने फक्त गप्प बसायचं होतं. लेक निवडणुकीला उभी, माईक लेकीच्या हातात, चारचौघांत नाव मोठं होतंय. आई उठली. म्हणाली, "धम्मे, थांब. मी शंभर दिल्यात. दोन हजार न्हाय. माझं शंभरच वाच की."

मला वाटलं, संपलं. उमेदवारी गेली, पक्ष गेला, आता ही माणसं माझी सालपटं काढणार. तर गोजरबाई उठल्या. "माझं पन्नास. मगाशी बोलले न्हाय. ऐकायला बरं वाटलं म्हनून गप बसले," असं भर गल्लीत म्हणाल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. विड्या वळणाऱ्या गौरम्मा म्हणाल्या, "माझं वीस. पण वीस लिही हां, सोडू नको." मग एकेक जण उठायला लागला. कुणी तीस, कुणी सव्वाशे. दोन हजारांवरून प्रत्येक जण आपल्या पायाने खाली येत होता आणि कुणीही मान खाली घालत नव्हतं. शेवटी रिक्षावाले धोंडीराम काका उठले. "माझं नाव काढ पोरी. औंदा म्या कायबी दिलं न्हाय. द्यायचं हुतं, जमलं न्हाय." दिग्विजय, न दिलेल्याचा हिशेब देणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

आणि तेवढ्यात नळ आला. हवा फसफसली, धार बॅरलात पडायला लागली. कुणी हललं नाही. बॅरल भरली, काठावरून वाहिली, पाच दिवसांनी आलेलं पाणी गल्लीतून आमच्या पायांखालून गटाराकडे निघालं, आणि माणसं ओल्या पायांनी आपापला आकडा सांगायला थांबून होती. पाण्यासाठी जन्मलेला आपला पक्ष, आणि त्या दिवशी पाण्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. मी पावत्यांवर खरे आकडे घालत होते आणि रडत होते, सगळ्यांसमोर, माईक चालू. आपण एवढी वर्षं या लोकांसाठी काहीतरी करतोय असं मला वाटायचं. हसू आलं स्वतःचं.

संध्याकाळी चनबसप्पाचा फोन आला. टँकरवाला चनबसप्पा! रोज पाणी आलं तर ज्याचे टँकर दारात गंजतील, तो मला विचारतोय, माझ्या पैशाची बोंब गल्लीभर कशाला मारली? आपलं नाव कुठे दिसणार नाही, निवडून आल्यावर तुम्ही टँकरचा विषय काढणार नाही, असं तुझ्याशी बोलणं झालंय म्हणे. तुलाच विचारा, म्हणाला. म्हणजे त्याचीच रक्कम दोन-दोन हजारांत फोडून तू गल्लीच्या नावांवर घातली होतीस. मी कुणाला काही बोलले नाही. काकांना आणि गल्लीला एवढंच सांगितलं की पैसे ज्याचे आहेत त्याला परत जातायत. काल त्याच्या खात्यात भरलेसुद्धा. उरलेली खरी बेरीज माझ्या अनामतीपुरती निघाली, पत्रकांना एक रुपया नाही. मी उभी राहणार आहे. दारोदार चालत जाईन, आईने आत्तापासून माझ्या चपला शिवून आणल्यात.

तू हे माझ्यासाठी केलंस, ते मला माहीत आहे. पैशाशिवाय या शहरात पोरीची नुसती अनामत जप्त होते, असं तू नेहमी म्हणायचास आणि म्हणताना तुझा चेहरा उतरायचा. आपल्या दोघांचं जे ठरलंय ते ठरलेलंच आहे, त्यात फरक नाही. मला राग आलाय, तोही आहे. पण हे पत्र रागाचं नाही. रविवारी वाचन संपल्यावर गल्लीने मला विचारलं की या पावत्या अशा कशा फाटल्या. तुझं अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं आहे, तरी विचारलं, आणि तुझं नाव कुणी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. म्हटलं, ज्याने फाडल्या तो स्वतः येऊन सांगेल. तुला न विचारता मी तुझ्या वतीने शब्द देऊन बसलेय, म्हणून हे पत्र. शुक्रवारी नळाचा दिवस आहे, दुरुस्त हिशेब पुन्हा वाचायचाय. धोंडीराम काका उभे राहिले होते तिथेच माईक ठेवते. घाबरू नकोस आणि घाईही करू नकोस. तुझं बोलणं होईपर्यंत नळ आला तरी कुणी उठणार नाही.

तुझीच,
धम्मप्रिया