राबाच्या जागेची माती

मंगळवार, २ डिसेंबर, वलवण

सासऱ्यांनी, आबांनी, आज मसुराचं पिवळं रोप उपटलं. मुळं आखूड, जाड, नत्र धरणारी एकही गाठ नाही.
"पोरी, तुझा रिपोर्ट तर माती चांगली म्हनतो. चुना नको, नुसतं खत टाका म्हनला."
मी नजर फिरवली. शेतात एकच तुकडा हिरवागार होता, दरवर्षी भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजतो तो. तपासणीची माती मी तिथूनच उचलली होती. भुसभुशीत, खणायला सोपी म्हणून! राखेनं तिथला आंबटपणा गेलाय. बाकी शेतात तो आहेच, आणि त्यात सुटणारं ॲल्युमिनियम मुळं जाळतंय. आता उभ्या पिकात चुना टाकून काय होणार? सांगू कसं?
तेवढ्यात आबा म्हणाले, "रिपोर्ट दे. शेजारचं भाऊ चुना आनाया निघाल्यात, त्यास्नी दावतो. त्यांचा बी खर्च वाचंल."
मी दिला.