बहुमतानं निवडून आलेलं रोप

ती. मामा,

वाकून नमस्कार (पाठ वाकते तेवढाच; कारण खाली येतंच आहे). तुमचा खोकला हल्ली मामींना झोपू देतो ना? इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे पत्रात असं लिहावं लागतं म्हणून लिहिलं.

सासरे दीड महिन्यासाठी मेव्हणीकडे गेले आणि जाताना परसातला वाफा माझ्या गळ्यात मारून गेले. सासूबाई गेल्यानंतरचं हे पहिलंच वर्ष. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं राखलेलं कॉसमॉसच्या फुलांचं होतं नव्हतं तेवढं बी सासऱ्यांनी त्या वाफ्यात पेरलेलं. तण तेवढं काढत जा, एवढंच म्हणाले. आता तण कुठलं नि रोप कुठलं, हे मला काय कळणार, कपाळ? माझी हयात गेली मतमोजणीच्या टेबलावर. (तुमच्या सूनबाईला विचारता आलं असतं. पण मग जावयाची अब्रू ती काय राहिली?) दोन्हींची पानं कातरलेली, दोन्ही हिरवी. शेवटी मी मोजणी केली. एका जातीची एकसष्ट, दुसरीची चौदा. बहुमत स्पष्ट होतं. चौदाही उमेदवार मुळासकट उपटून कुंपणाबाहेर टाकले. फेरमोजणीची मागणी कुणी केली नाही.

मग एकसष्टांची सेवा सुरू झाली. शेणखत, दोन वेळा पाणी, वाऱ्यात पडू नयेत म्हणून सुतळीचा आधार (पाठ गेली ती इथेच). मामा, काय फोफावली म्हणून सांगू! कमरेला लागली. शेजारच्या वकीलबाई नाकाला पदर लावून बघून गेल्या. मला वाटलं, पोटात दुखलं असेल. पुढे बारीक पांढरी फुलं आली (कॉसमॉस गुलाबी असतो हे मला माहीत होतं, पण म्हटलं पहिल्या खेपेला लाजत असेल) आणि त्यांच्यामागोमाग माझ्या कोपरांना खाज, मानेला खाज, शिंकांवर शिंका. परवा रस्त्याकडेचं गवत काढणारा पालिकेचा माणूस विळा घेऊन फाटकाशी थांबला आणि म्हणाला, साहेब, गाजरगवत तुम्ही मुद्दाम लावलंय? मग त्यानं रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. तिथे नजर जाईल तिथवर तेच माजलेलं, बिनखताचं, बिनसुतळीचं, माझ्यापेक्षा उंच. त्याच्यासमोर मी हसलो. आत येऊन मात्र, खरं सांगतो, रडलो. सासूबाईंचं बी होतं हो ते. रविवारी सासरे येतायत, आणि त्यांना तोंड कसं दाखवू ते कळत नाही.

तुमचा,
खाजवून बेजार झालेला भाचा

ता. क. : खरं काम राहिलंच. तुम्ही तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलंत, तुमच्या शब्दाला सासरे मान देतात. तर त्यांना एक पत्र टाका, की कॉसमॉसचं बी जुनं झालं की कधी कधी असंच उगवतं. दोन-चार लॅटिन नावं घाला. पाप माझ्या माथी.

ता. क. २ : सासरे आजच आले, दोन दिवस आधीच! नशीब, प्रवासानं दमलेत, परसात गेले नाहीत. उद्या फिरायला जाताना हे पत्र तेच टपालात टाकणार आहेत. पाकीट घट्ट चिकटवलंय.

ता. क. ३ : मास्तर, हे मी लिहितोय, त्याचा सासरा. डिंक पातळ होता. वाफा मी काल आल्या आल्याच खिडकीतून पाहिला. लॅटिन नको. पोरांच्या लग्नात आमच्या हिनं विहीणबाईंना, म्हणजे तुमच्या मंडळींना, या कॉसमॉसच्याच बियांची पुडी दिली होती. तुमच्या अंगणात अजून फुलत असतील तर चिमूटभर बी पाठवा, माझ्या नावानं. पुढच्या वर्षी मीच पेरीन. जावयाला यातलं काही कळवू नका. आज सकाळी, मला दिसावं म्हणून, शिंकत शिंकत त्या गवताला पाणी घालत होता. मी म्हटलं, छान आलंय.